मार्क पंधराव्या वर्षी, मानधन पन्नाशीनंतर

ग्रेड परीक्षेचा दिवस ज्याने तालुक्याच्या गावी पाहिला आहे, त्याला तो विसरता येत नाही. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने खेड्याखेड्यांतून पोरे उतरतात. काखेत ड्रॉइंग बोर्ड, हातात पाण्याचा डबा, पिशवीत पोस्टर कलरच्या अर्ध्या सुकलेल्या बाटल्या. एका बाटलीतला पांढरा रंग तिघांत वाटून घ्यायचा, हे गाडीतच ठरलेले असते. वर्गात मध्यभागी टेबलावर एक तांब्या, दोन वांगी आणि घडी मोडलेला कपडा मांडलेला असतो. दोन-तीन तास पन्नास पोरे त्या तांब्याकडे अशी बघत बसतात, की घरी रोज त्याच तांब्याने पाणी पिऊनही तो त्यांनी कधी पाहिला नव्हता असे वाटावे. मी तीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यात ड्रॉइंग मास्तर होतो. ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या दोन शब्दांनी जितकी खेडी जोडली, तितकी महाराष्ट्रातल्या कुठल्याही कलासंस्थेने जोडलेली नाहीत, असे माझे मत आहे.

या परीक्षेचे फळ काय, तर मार्क. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेत सात गुण वाढतात. ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. त्या सात गुणांसाठी हल्ली पालकही उत्साहाने मुलांना परीक्षेला बसवतात. पोरगा डॉक्टर होणार असला तरी त्याने तांब्या काढावा, अशी त्यांची इच्छा असते. त्याला माझी हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या पन्नास पोरांत एखादा असा असतो, की ज्याला त्या तांब्याने कायमचे धरलेले असते. मार्क मिळाले काय, न मिळाले काय, तो काढतच राहणार असतो. त्याला शासनाने पंधराव्या वर्षी सात मार्क दिले. त्यानंतर शासनाची आणि त्याची पुन्हा भेट केव्हा होते?

उत्तर सांगतो. पन्नाशीनंतर. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजना आहे. २०२४पासून तिच्यातल्या श्रेण्या काढून सर्वांना सरसकट महिना पाच हजार रुपये ठरले. जिल्ह्याला वर्षाला शंभर नावे. भजनी मंडळातला मृदंगवाला, शाहीर, गोंधळी, कीर्तनकार, दंडारीतला सोंगाड्या अशा माणसांपर्यंत ती पोहोचते, कारण तिची निवड जिल्ह्यात होते. मी या योजनेला नावे ठेवणार नाही. म्हातारपणी औषधाला पैसे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कलावंत म्हातारा झाल्याशिवाय तो जिल्ह्याला दिसतच नाही, हे कसले लक्षण आहे? पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत माणूस चित्रे काढतो किंवा काढणे सोडतो. त्या पस्तीस वर्षांतही बावीस ते बत्तीस ही दहा वर्षे खरी कसोटीची. कॉलेज सुटलेले असते, नोकरी लागलेली नसते, घरचे लग्नाचे बोलू लागलेले असतात. चित्रकाराचे चित्रकार होणे याच दहा वर्षांत ठरते आणि नेमकी तीच दहा वर्षे आपल्याकडे कोरडवाहू आहेत.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आर्णीकडचा. वडिलांची तीन एकर जमीन, कापूस आणि तूर. नागपूरला चित्रकलेचे शिक्षण पुरे करून तो परत आला आहे आणि एका फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांच्या फलकांवर चेहरे बसवतो. हातात कागद होते. म्हणाला, ‘‘सर, हे फारम भराचं हाये. इंग्रजीत हाये. तारीख परवाची हाये.’’ ती एका शिष्यवृत्तीची जाहिरात होती. कुणाची ते इथे महत्त्वाचे नाही. आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत बसलो. कलाविषयक भूमिका अमुक शब्दांत, दहा चित्रांची छायाचित्रे, दोन नामवंतांची शिफारस. भूमिका मी कशीबशी इंग्रजीत उभी केली. ती वाचून तो म्हणाला, ‘‘सर, हे चांगलं हाये, पण मी असा नाई.’’ नामवंत कुठून आणायचे, यावर आमचे अडले. मी त्याला चौथीपासून ओळखतो, पण मी नामवंत नाही. तारीख गेली. तो काही रागावला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाला, कारण त्या आठवड्यात कुठल्याशा नेत्याचा वाढदिवस होता.

तारीख चुकण्यावरून मला एका मोठ्या माणसाची गोष्ट आठवते. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. जंगलखात्यातल्या माणसाचा मुलगा. अभ्यासात लक्ष लागेना म्हणून खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितले. पुढे आयुष्यभर जो बिंदू त्यांनी रंगवला त्याचे मूळ ते स्वतः तिथे सांगत. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मग मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. हे सरकार म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे यवतमाळचेही सरकार. रझा मुंबईला पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. प्रवेश बंद झाले होते. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली. तरुण मुलगा परत जायचा; हा गेला नाही. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत त्यांनी नक्षीकाम आणि आरेखनाची नोकरी धरली, दिवसा पोटाचे आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगवले, पुढे जे. जे.तही शिकले. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते पॅरिसला गेले आणि १९५६मध्ये तिथला समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला.

ही गोष्ट व्यासपीठावरून सांगताना लोक तिचे तात्पर्य असे काढतात, की ज्याच्यात गुण आहे तो शिष्यवृत्तीवाचूनही वर येतो. मला हे तात्पर्य मान्य नाही. रझांना मुंबईत नोकरी मिळाली म्हणून ते टिकले. ती नोकरी चित्रकलेच्या आसपासची होती आणि मुंबईत होती. ज्यांना ती मिळाली नाही आणि जे पुढच्या गाडीने परत आले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. एकट्या रझांवरून नियम काढायचा असेल तर परत आलेल्यांचीही मोजदाद करावी लागेल. स्वतः रझांना मात्र आपले काय हुकले होते ते पुरते आठवत असावे. उतारवयात त्यांनी आपला पैसा घालून रझा फाउंडेशन स्थापन केले आणि त्यातून तरुण चित्रकार, कवी, नर्तकांना मदत होऊ लागली.

वऱ्हाडाला आश्रयदाते कधीच नव्हते, हेही इथे सांगितले पाहिजे. कोल्हापूरला शाहू महाराज होते म्हणून आबालाल रहिमान यांना आधार मिळाला. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. ते स्वतः चित्रे काढत आणि १९३८ साली त्यांनी डोंगरावर संग्रहालय उभारले. बडोद्याला सयाजीराव होते. आमच्याकडे कोण? वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि १८५३पासून कारभार इंग्रजांचा. निजाम हैदराबादला आणि इंग्रजांचे लक्ष कापसावर. १९०५पर्यंत तर या जिल्ह्याचे नावही ‘वणी’ होते. यवतमाळ–मूर्तिजापूर अशी शकुंतला धावू लागली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. तिच्या डब्यातून चित्रे यावीत-जावीत असे कुणाच्या मनात असणे शक्य नव्हते. राजा नाही, दरबार नाही, दरबारी चित्रकार नाही आणि म्हणून चित्रकाराला पैसे द्यायचे असतात ही सवयही नाही.

तरीही या मातीत चित्रे काढणारी माणसे टिकली. कशी टिकली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन छुप्या फेलोशिप होत्या. त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नव्हते एवढेच.

पहिली ड्रॉइंग मास्तरची नोकरी. १९६५ साली महाराष्ट्रात कला संचालनालय वेगळे झाले, तेव्हा मुख्यमंत्री आमच्याच पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. त्या काळात हायस्कुले गावोगाव निघाली आणि प्रत्येक हायस्कुलात एक ड्रॉइंग मास्तर आला. पगार दरमहा, उन्हाळ्याची सुट्टी दीर्घ, शाळेचे कपाट हाताशी. आमच्यातले पुष्कळ जण ताश, चहा आणि ट्यूशनमध्ये वाहून गेले, हे कबूल करतो. मीही काही कमी वेळ घालवला नाही. परंतु ज्याला चित्र काढायचे होते त्याला त्या पगारावर काढता येत होते. आता ती जागा भरली जात नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच कलेला शिक्षक, आणि तोही ‘अर्धवेळ’ ठरवला. उरलेला अर्धा वेळ त्याने काय खावे, हे कायद्यात लिहिलेले नाही.

दुसरी फेलोशिप म्हणजे पेंटरचे दुकान. जुन्या बसस्टँडच्या आजूबाजूला प्रत्येक तालुक्यात एक-दोन पेंटर असत. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागचा मोर, निवडणुकीच्या भिंती, नाटकाचा पडदा, पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून जगले हे सगळे जग सांगते. पण पुसद-दारव्ह्यालाही त्याच धंद्यावर हात तयार होत होते. उस्ताद ब्रश धरायला शिकवायचा, संध्याकाळी मजुरी मिळायची आणि उरलेल्या रंगात पोरगा स्वतःचे काहीतरी काढायचा. फ्लेक्सच्या यंत्राने हे दुकान बंद केले. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. पाटी स्वस्त आणि चकचकीत झाली, दुकानदाराला तेच हवे होते. पण त्या पाटीबरोबर एक उमेदवारी गेली आणि तिच्या जागी आपण काहीही उभे केले नाही. माझा विद्यार्थी आज त्याच धंद्यात आहे, फक्त त्याच्या हातात ब्रशऐवजी माउस आहे आणि संध्याकाळी उरलेला रंग घरी नेता येत नाही.

मग बाहेर काय आहे? आहे; आणि ते माहीत नसणे हा आमच्या मुलांचा सर्वांत मोठा तोटा असल्याने थोडे तपशिलात सांगतो. दिल्लीच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय अठरा ते पंचवीस, महिना पाच हजार, दोन वर्षे, रक्कम सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. सबंध देशासाठी, गायन-नर्तन-नाट्य-चित्र-लोककला सगळे मिळून, चारशे. त्यापुढे पंचविशी ते चाळिशीसाठी कनिष्ठ फेलोशिप महिना दहा हजारांची आणि चाळिशीनंतर वरिष्ठ, वीस हजारांची. लहानांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, दहा ते चौदा वयाची शिष्यवृत्ती १९८२पासून चालू आहे. वर्षाला छत्तीसशे रुपये आणि शिकवणीच्या शुल्काला काही मदत. रक्कम बघून हसू नका. सातवीतल्या मुलीला स्वतःच्या नावाने रंगाचे पैसे येणे म्हणजे काय, ते घरात मोजले जाते. यवतमाळच्या शाळांतून तिचे अर्ज का जात नाहीत, असे मी निवृत्तीनंतर दोन-तीन मुख्याध्यापकांना विचारले. त्यांनी मलाच विचारले, ही योजना कुठली?

ललित कला अकादमी १९५४ची. तिच्याही शिष्यवृत्त्या आहेत आणि दिल्लीचे गढी, चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर इथे काम करायला जागा. आमच्या मुलाने नकाशा उघडून यवतमाळपासून अंतर मोजावे. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खाजगी संस्था १९९५पासून अनुदाने देते. तिची एक गोष्ट मला फार आवडली. प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिलेला चालतो. म्हणजे मराठीत लिहिलेला कागद बेंगळुरूला चालतो. तो आपल्याकडे सगळीकडे चालावा, असे मागणे फार झाले काय? इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान तरुण चित्रकारांना पुरस्कार देते. कॅनडात माँट्रियलला १९५५पासून एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन आहे. ते फक्त वास्तवदर्शी, आकृतिप्रधान चित्र-शिल्प करणाऱ्या तरुणांना मदत करते. जगातला कुणीही वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतो. गंमत अशी, की आमच्या कला महाविद्यालयांतून जे शिकवले जाते, व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, स्थिरचित्र, ज्याला मुंबईच्या गॅलऱ्यांत नाके मुरडली जातात, तेच तिथे चालते. आमच्या पोराने एकदा तरी तिकडे कागद पाठवून बघायला हवा.

या सगळ्या यादीत कमी काय आहे, ते आता बोलतो. रक्कम कमी आहे हे खरेच; तरुणाला आणि म्हाताऱ्याला महिना पाच हजारच, हा योगायोग मोठा बोलका आहे. पण रकमेपेक्षा चालण्याची दिशा चुकीची आहे. सगळीकडे कलावंताने संस्थेकडे जायचे आहे. त्याने जाहिरात शोधायची, त्याने भाषा शिकायची, त्याने शिफारस आणायची, चित्र फ्रेम करून मुंबईला पाठवायचे आणि निवड झाली नाही तर परत आणायचे. यवतमाळहून चित्र मुंबईला न्यायचे म्हणजे आधी धामणगावला रेल्वे गाठायची. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, तिथे एकदा प्रदर्शन लागावे हे स्वप्न घेऊन आमची दोन पिढ्यांची पोरे फ्रेमवाल्याचे कर्ज फेडत बसली. निवड करणाऱ्याने घरातून निघून कलावंताच्या दारात जावे, असे कुठल्याच अर्जात लिहिलेले नाही.

असे कधी घडलेच नाही असे मात्र नाही. जिथे घडले तिथे काय झाले ते बघण्यासारखे आहे. १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मधुबनीला एका मराठी चित्रकाराला पाठवले. भास्कर कुलकर्णी, जे. जे.चा विद्यार्थी. तो कागद घेऊन गेला. भिंती सारवून त्यावर चित्रे काढणाऱ्या बायकांना त्याने ती कागदावर काढायला सांगितले आणि त्याचे पैसे दिले. त्या दुष्काळी कामातून जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी यांची नावे जगाला कळली. पुढे हाच माणूस ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांकडे गेला. जिव्या सोमा म्हशे यांचे पांढऱ्या रंगाने भरलेले कागद त्यातून बाहेर आले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुलकर्णींनी यासाठी कुणाकडून भूमिका लिहून मागितली नव्हती.

आणखी जवळचे उदाहरण भोपाळचे. १९८२मध्ये भारत भवन उभे राहिले, तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांच्या तुकड्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. मंडल्याकडच्या पाटणगढ गावात त्यांना घराच्या भिंतीवर एक चित्र दिसले. काढणारा जनगढसिंह श्याम, जातीने परधान. गोंडांची वंशावळ गाणारे, किंगरी वाजवणारे हे लोक. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले, कागद दिला, काम दिले, राहायला जागा दिली. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. त्याच्या मागून अख्खे गाव चित्रे काढू लागले. त्यांच्यातल्या भज्जू श्याम यांना २०१८मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. या कहाणीत एक काळी जागाही आहे. जनगढ जपानमधल्या एका संग्रहालयात कामाला गेला आणि २००१ साली तिथेच त्याने आयुष्य संपवले. दारात जाऊन माणूस बाहेर काढला की पुढे त्याची विचारपूसही करावी लागते.

आता सांगा, परधान आमच्या जिल्ह्यात नाहीत काय? पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागात परधान आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत. पुसद-दिग्रसला बंजारा बायकांचे भरतकाम आहे. ‘आमच्याकडच्या भिंतीवर तसे काही नाही’ असे मला एका अधिकाऱ्याने ऐकवले होते. जनगढच्या आधी पाटणगढलाही आज दिसते तसे काही नव्हते. भिंतीवर थोडे होते, गाण्यात पुष्कळ होते. कागद, रंग आणि मजुरी मिळाल्यावर त्याने गाण्यातले देव कागदावर उतरवले. आमच्या जिल्ह्यातही गाणी आहेत, किंगरी आहे. कागद घेऊन गेलेला माणूस तेवढा नाही.

इथे वाचक मला अडवेल. अडवलेच पाहिजे. ज्या जिल्ह्याचे नाव देशभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी घेतले जाते, तिथे रंगाला पैसे मागायला लाज वाटत नाही का? हा प्रश्न मी स्वतःला वर्गात उभा असताना अनेकदा विचारला आहे. ज्या घरात तो प्रसंग झाला त्या घरची मुलेही माझ्या वर्गात बसत होती. त्यांच्यापुढे छाया-प्रकाश शिकवताना घशाशी यायचे. परंतु बिहारमध्ये १९६६ साली जेव्हा कागद वाटला गेला तेव्हा धान्य थांबवून वाटला गेला नव्हता. रस्ता खोदणाऱ्याला मजुरी तशी चित्र काढणाऱ्याला मजुरी, एवढाच त्यात विचार होता. आमच्याकडे कोरडवाहू शेतीला जोडधंदा हवा म्हणून शेळ्या सांगतात, कोंबड्या सांगतात, रेशीम सांगतात. ज्याच्या हातात चित्र आहे त्याला चित्र सांगायला काय हरकत आहे? शिवाय फ्लेक्सच्या दुकानातला माझा विद्यार्थी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. कलावंत आणि शेतकरी हे दोन वेगळे अर्जदार आहेत असे समजणे ही शहरी चूक आहे.

पैसा किती लागेल? जिल्ह्यातले दहा तरुण निवडा. महिन्याला तीन हजार, एक वर्ष. तीन लाख साठ हजार होतात. अर्ज मराठीत, एका पानाचा. शिफारस गावच्या शिक्षकाची. निवड करणाऱ्या दोन चित्रकारांनी मात्र घरी जाऊन काम बघायचे, ही अट. पैसे दर महिन्याला, सहा महिन्यांनी नव्हे, कारण रंग उधार मिळत नाही. वर्षाअखेर त्यांची चित्रे एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये लावायची आणि ती विकली तर पैसा त्यांचा. दहातले सात पुढे काहीच करणार नाहीत. तीन करतील. शेतात पेरतो तेव्हा तरी आपण प्रत्येक दाण्याचा हिशेब कुठे मागतो?

हे तीन लाख साठ हजार कुणी द्यायचे, याबद्दल मी शासनाकडे आधी बघत नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव सबंध महाराष्ट्रात गाजलेला आहे. लांबलांबून लोक देखावे बघायला येतात. मूर्ती, मंदिराचे प्रतिरूप, रोषणाई यांसाठी आपण घरोघरी वर्गणी देतो आणि आनंदाने देतो. म्हणजे ज्या जिल्ह्याला राजा मिळाला नाही, त्याने वर्गणीचा राजा स्वतःच तयार केला आहे. हा राजा नऊ दिवस जागा असतो आणि दसऱ्याला झोपतो. वर्गणीतला एक लहान हिस्सा त्याच देखाव्यावर राबणाऱ्या पोरांना उरलेले वर्षभर द्यावा, हे कुठल्या मंडळाला जड जाईल ते मंडळांनीच सांगावे. वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात कोळसा आहे, सिमेंट आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितले आहे आणि त्या कायद्याच्या यादीत कला व संस्कृती शब्दशः लिहिलेली आहे. त्या पैशातून बसस्टॉपवर बाकडी येतात. बाकडीही हवीतच. नागपूरला १९८६पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. ते आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर. त्यांनी वर्षातून एक मोटार पांढरकवड्याकडे वळवावी, सोबत कागदाची रिमे ठेवावीत.

असो. आर्णीचा तो विद्यार्थी गेल्या रविवारी पुन्हा आला होता. या वेळी मी त्याला बेंगळुरूचा प्रस्ताव मराठीत लिहायला बसवले. त्याने स्वतःच लिहिले, दोन पाने. खरेदीच्या काट्यावर कापूस-तुरीच्या गाड्या रात्रभर उभ्या असतात, त्या रांगेतली झोपलेली माणसे त्याला काढायची आहेत. वडिलांबरोबर तोही तिथे झोपला आहे. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या, बाकी हात लावला नाही. मग फोटो काढायचे म्हणून आम्ही चित्रे गच्चीवर नेली. वारा होता. एक कोपरा त्याच्या बहिणीने धरला, एक मी. पाच चित्रांचे फोटो झाले. सहावे सोबत आणताच आले नव्हते. ते अजून ओले होते. त्यासाठी येत्या गुरुवारी दुकानातून लवकर सुटी मिळते का, ते तो मालकाला विचारणार आहे.